पंचमीला मागितलेल्या भाकरी

अमीनसाहेबांनी तिसऱ्यांदा तेच विचारलं. "औरतां तालीम में कायकू? कुश्ती खेलते क्या?"

बाकावरचा शिपाई हसला. मी हसलो नाही. मी तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं, की व्यायामशाळेत कुटुंबमेळा भरवायचा आहे. पोरांच्या आया, बहिणी, घरची लहानमोठी माणसं येतील. मी तरुणांच्या आरोग्यावर थोडं बोलेन. मग सगळे मिळून जेवू.

"बोलेंगे म्हणजे तकरीर," साहेब म्हणाले.

इंग्रजी हद्दीतल्या वाचकांसाठी सांगतो. अमीन म्हणजे ठाण्याचा फौजदार आणि तकरीर म्हणजे भाषण. निजामी राज्यात माणसं जमवून भाषण करायचं तर इजाजत लागते. ती वरून येते. वरून म्हणजे नेमकी कुठून, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आरोग्यावरचं भाषणही भाषणच. दात घासा असं चारचौघांत उभं राहून सांगितलं तरी इजाजत लागेल, असं मी बोलून गेलो. साहेबांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं होतं.

मी मुरुमच्या व्यायामशाळेचा पगारी शिक्षक. सोलापुरात ड्रिल, लाठी, डबलबार शिकून आलो. गावात तिला सगळे तालीमच म्हणतात. एक खोली, पुढं अंगण, अंगणात लिंब, आणि मधे हौद. हौद पाण्याचा नव्हे. लाल माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद मुरवून केलेला कुस्तीचा खड्डा. कुस्ती मौलाभाई वस्ताद शिकवतात. बाकीचं मी.

अडचण अशी, की शिकायला पोरंच उरली नव्हती. शिमग्यापर्यंत अंगण पुरत नव्हतं. त्यानंतर एकेक गळत गेलं. शिंदीच्या दुकानामागं पत्ते कुटत बसलेली मी स्वतः पाहिली. विचारलं तर एकाचा पाय दुखत होता, दुसऱ्याला शेतात काम होतं, तिसऱ्याला ताप. शिंदीच्या दुकानामागं कुणालाच काही दुखत नव्हतं.

तालमीची जागा आडतवाले आप्पा यांची. तेच आमचे अध्यक्ष. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत पोरं दिसली न्हाईत, तर मी शेंगा भरणार. मोकळी जागा ठेवून काय करू?" म्हणजे तालीम जाणार, हौद बुजणार आणि मी सोलापूरची वाट धरणार.

पोरं का येत नाहीत, यावर प्रत्येकाचं मत तयार होतं. आप्पा म्हणत, पोरं निर्लज्ज झाली. वस्ताद म्हणत, हौदाला नजर लागली, आणि दारात लिंबू बांधत. माझं म्हणणं, आया भित्र्या आहेत. तालमीत गेलेलं पोरगं पोलिसांच्या डोळ्यावर येतं, म्हणून त्या सोडत नाहीत. मी लगेच सोलापुरातून पत्रक छापून आणलं. वर ठळक अक्षरात, 'मातांनो, भीतीच्या पदराखाली मर्द वाढत नाहीत'. मला ते फार आवडलं होतं.

शेवटी वाट दाखवली ती अमीनसाहेबांनीच. मला ठाण्यातून घालवायचं होतं म्हणून असेल. "पंचमी आरी ना? झूला बांदो, गाने गाव, मेरेकू क्या? तकरीर नको."

नागपंचमीला बाया लिंबाला झोका बांधतात, फेर धरतात, गाणी म्हणतात. त्याला कुणाच्या बापाची इजाजत लागत नाही. लिंब तालमीच्या अंगणातच होता.

आता आप्पा अडले. तालमीत बाईमाणूस कसं? हौदाला पाय लागला तर? मी सांगितलं, मातीच आहे ती. आप्पांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी पुढचं गिळलं. वस्तादांनी हौदाभोवती दोर बांधला आणि आप्पांनी त्यावर स्वतःच्या दुकानातली गोणपाटं टाकली. हे सगळं होईपर्यंत माझं डोकं फिरायची वेळ आली होती. एका झोक्यासाठी तीन माणसांची मनधरणी.

भाषण गेलं, तेव्हा सहभोजन तरी दणक्यात करायचं मी ठरवलं. सगळ्या आळ्यांतल्या बाया एका अंगणात बसून जेवतील, यासारखं दुसरं काय भाषण? पत्रकाखाली शाईनं लिहिलं, 'पंचमीला तालमीत यावे, येताना प्रत्येकीने भाकरी आणाव्यात'. पिठल्याचं आप्पांच्या घरी सांगून टाकलं. पत्रकं गल्लीतल्या लहान पोरांच्या हाती घरोघर धाडली.

पंचमीला दुपारी बाया आल्या. मला वाटलं होतं त्याहून जास्त. नवी लुगडी, हातावर मेंदी, कडेवर पोरं. झोका लिंबाच्या शेंड्याला भिडत होता. मोमीन आळीतल्या बशीरबी लेकीला घेऊन आल्या, त्यांनाही बायांनी फेरात ओढलं. पण एकीच्याही हातात भाकरी नव्हती. लाह्या होत्या, फुटाणे होते, उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या होत्या. पिठलंही आलं नव्हतं.

माझा पारा चढला. बाया लिहिलेलं पाळत नाहीत, वेळ पाळत नाहीत, मग पोरं कशी पाळतील, असं मी वस्तादांना मोठ्यानं ऐकवलं. ते बायांनी ऐकलं. फेर थांबला. पुढं आल्या काशाबाई. त्यांचा शिवा हा आमचा सगळ्यात तयार पैलवान. त्याचाच पाय दुखत होता.

"मास्तर, तुमच्या आईनं पंचमीला कधी तवा ठिवला व्हता का?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. माझ्या लक्षात आलं. पंचमीला तवा चुलीवर ठेवत नाहीत. चिरत नाहीत, भाजत नाहीत, तळत नाहीत. उकडून खातात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पत्रक लिहिताना आठवलं नाही, कारण पत्रक लिहिताना मला घरातलं काहीच आठवत नाही.

मी ओशाळून म्हणालो, "बरं. मग उद्या आणा."

आता काशाबाई हसल्या नाहीत. "उद्या तरी कुठनं आणू? लेव्हीत जवारी गेली. सरकारी दुकानात मिळती ती किडकी, तीबी पुरत न्हाय. तुमच्या तालमीत गेलं की शिवा दोन भाकरी जास्ती खातो. त्याच्या बहिणीच्या ताटातली काढून त्याला वाढू का? म्याच त्याला म्हणलं, जाऊ नगंस."

बशीरबींनी मान हलवली. "हमारा बी वइच है, मास्टर. पोट्टा कसरत करको आता, हांडी खाली कर देता."

मग एकेक बाई बोलू लागली. भीती कुणाच्याच बोलण्यात नव्हती. पोलीस नव्हते, नजर नव्हती, निर्लज्जपणा नव्हता. सरकार लेव्ही म्हणून घरातली ज्वारी उचलतं, उरलेल्यात माणसं भागवतात, आणि मी त्यांच्या पोरांकडून जोर काढून घेत होतो. भूक लागते म्हणून येत नाही, हे कुठलं वाढतं पोरगं मास्तराच्या तोंडावर सांगेल? त्यापेक्षा पाय दुखलेला बरा. आणि मी त्याच घरांतून वर आणखी भाकरी मागितल्या होत्या.

मी त्या दिवशी भाषण केलं नाही. इजाजत असती तरी केलं नसतं.

वस्ताद घुगऱ्या खात होते. म्हणाले, ते शिकत होते तेव्हा व्यायामानंतर तालमीतच भिजवलेला हरभरा मिळायचा. मग मला आजवर का सांगितलं नाही, असं मी वैतागून विचारलं. "तुमी इचारलं कुठं? तुमी तर डंबेल्स मागवले," ते म्हणाले.

तिथंच ठरलं. ज्या घरी हरभरा आहे त्यांनी मूठभर द्यायचा, नाही त्यांनी द्यायचा नाही, आणि कुणी कुणाला विचारायचं नाही. आप्पांवर बायांच्या नजरा खिळल्या तेव्हा त्यांनी एक पोतं कबूल केलं. तालमीत रांजण बसला. आदल्या संध्याकाळी भिजवायचं, सकाळी जोर झाले की वाटायचं. पहिल्यांदा शिवा आला. त्याचा पाय बरा झाला होता. मागून बाकीची आली, आणि शिंदीच्या दुकानामागं पत्त्याला भिडू मिळेनात.

मग अमीनसाहेब आले. तालमीत धान्याचा साठा केलाय, अशी कुणीतरी खबर दिली होती. साठ्यालाही इजाजत लागते. मी भांडायच्या तयारीनं पुढं झालो. वस्तादांनी मला मागं सारलं आणि रांजणाचं झाकण काढलं. हरभऱ्याला मोड आले होते.

साहेबांनी वाकून पाहिलं, वास घेतला. वस्तादांनी ओंजळभर पुढं केला, वर मीठ घातलं. साहेबांनी उभ्यानंच खाल्ला, रुमालाला हात पुसले आणि शिपायाला सांगितलं, "भिगेला है. भिगेला साठा नइं होता."

आप्पांच्या शेंगा यंदा दुसरीकडं भरल्या. व्यायामशाळा काढणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पोरगं का येत नाही हे पोराला विचारू नका, ते लाजून काहीतरी ठोकून देईल. त्याच्या आईला विचारा. आणि तिला बोलवाल तेव्हा येताना काही आणायला सांगू नका.