टाकीच्या तोंडाशी उभ्या सुलभाताई

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तीन नंबरच्या टाकीच्या शिडीवर होतो. यवतमाळला घरीच, चहा पिता पिता हृदय थांबलं म्हणे... महिना होत आला.

नेरजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात खराब झालेल्या मका-ज्वारीपासून इथेनॉल बनतं, पेट्रोलमध्ये मिसळायला. ताई तिथल्या केमिस्ट, मी ऑपरेटर. धान्याचा घोळ टाकीत आंबतो तेव्हा एक वायू सुटतो. त्याला ना रंग, ना वास. टाकी रिकामी केली तरी तो तळाशी साचून राहतो आणि माणसाला श्वास घेऊ देत नाही. आम्ही सगळे आगीला भ्यायचो. ताई रिकाम्या टाकीला भ्यायच्या, आणि आम्ही त्यांना हसायचो.

एका दुपारी तिथेच कामाला असलेला माझा धाकटा भाऊ गजानन कोणाला न विचारता टाकी धुवायला उतरला. मी वरून डोकावलो तर तो तळाशी पालथा पडलेला. मी एक पाय आत टाकलाच होता... मागून ताईंनी कॉलर धरून ओढलं.

"सोडा ताई, भाऊ मरून राह्यला माहा!"

"तू गेला तं दोघंही मरसान! पयले ब्लोअर लाव, ताजी हवा जाऊ दे आत!"

मग पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडाला मास्क, कमरेला दोर बांधून त्या स्वतः उतरल्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई. त्यांनी गजाननच्या काखेत दुसरा दोर अडकवला, आम्ही ओढला. ओठ निळे पडले होते, पण तो वाचला. ताई भिंतीला टेकून बसल्या.

"लय भेव वाटलं रे प्रवीण. वाटलं, आता वर येणं होत नाही..."

तेव्हापासून कोणीही उतरलं की ताई टाकीच्या तोंडाशी उभ्या राहत आणि दर मिनिटाला नाव घेऊन हाक मारत. ओ आली नाही, की दोर ओढायचा. आता तिथे मी उभा राहतो. गेल्या आठवड्यात गजानन आत होता. हवा तपासली होती, दोर बांधला होता. हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली... माझाच आवाज घुमून वर आला. दोर ओढायला लागलो, तसा तो आतून ओरडला, "अरे दादा, पाणी चालू होतं, आयकू नाही आलं!"

तो पूर्ण वर येईपर्यंत मी दोर ओढतच राहिलो.