आईच्या डब्यातले दोन चमचे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ताईला तर नाहीच नाही. सांगायला निघतो आणि ऐन वेळी दुसरंच काहीतरी बोलून मोकळा होतो — आजही तसंच होईल कदाचित. म्हणून व्यायामापासून सुरुवात करतो. तेवढं बोलायला मला सोपं जातं.

सव्विसाव्या वर्षी मी लालबागला आमच्या मंडळाच्या व्यायामशाळेत जायला लागलो. त्याआधी मी काडी होतो. ऑफिसात मला हँगर म्हणायचे, कारण शर्ट माझ्या अंगावर घातलेला वाटत नसे, टांगलेला वाटे. पहिले सात-आठ महिने काय मजेत गेले म्हणून सांगू! दर आठवड्याला वजन थोडं वाढवायचं आणि ते उचललं जायचं. आज अडलं की चार दिवसांनी सुटायचं. मला वाटलं, आपण जन्मजात पैलवान आहोत, फक्त कळायला उशीर झाला.

मग ते थांबलं. महिनाभर बेंचवर त्याच वजनाला अडकून पडलो. आणि खरं दुखणं वेगळंच होतं — ताकद आली होती, पण दिसत नव्हती. ऑफिसात मी अजून हँगरच. व्यायामशाळेत शिकवणाऱ्या भाऊंना विचारलं, तर ते हसले. "नवीन असताना सगळ्यांचीच ताकद वाढते रे. आता तुला साईज पाहिजे ना? मग सेट वाढव, वजन मध्यम ठेव आणि खा. खाल्ल्याशिवाय साईज येत नाय."

खा. एवढंच म्हणाले ते. त्यांच्यावर मला काहीही ढकलायचं नाही. कुणाचं खा, हे त्यांनी थोडंच सांगितलं होतं?

आमच्या चाळीतल्या खोलीत तेव्हा आई आणि मी, दोघंच. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. आई हिंदमाताच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावायची. त्या वर्षी तिच्या पोटात कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि परळला केमो सुरू झाली. एका वेळी चार घास जेमतेम जायचे तिला. म्हणून हॉस्पिटलातून प्रोटीनची पावडर लिहून दिली होती. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, दुधातून. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, वजन घसरलं तर पुढचा डोस देता येणार नाही. हे माझ्यासमोर सांगितलं होतं. मला ते नीट कळलं होतं.

ताई कळव्याहून यायची आणि पावडरचा डबा आणून द्यायची. दूध गरम करायचं, पावडर कालवायची, पेला आईच्या हातात द्यायचा — हे माझं काम. आईला उभं राहवत नव्हतं.

कळलंच असेल तुम्हाला. पण मला ते लिहायला हवं.

पहिल्यांदा एकच चमचा घेतला. व्यायामाहून आलो होतो, भूक लागली होती, डबा समोर होता. मग रोज एक. मग दिवसाच्या चार चमच्यांतला तिच्या पेल्यात एक आणि माझ्या पेल्यात तीन. तिचं दूध पातळ दिसायला लागलं तेव्हा मी त्यात साधी दूधपावडर आणि साखर घालू लागलो. रंग जमला, दाटपणाही जमला. दूधपावडर मी मुद्दाम जाऊन विकत आणली होती. म्हणजे चुकून झालं, असं म्हणायची सोय मी स्वतःच ठेवली नाही. स्वतःसाठी वेगळा डबा आणता आला नसता का? आला असता. पगार होता, त्याच महिन्यात नवे बूट घेतले होते. मग का केलं? आठ वर्षं मी याचं उत्तर शोधतोय. ती मागून बघायला उठणार नव्हती — एवढंच सापडतं.

आणि ताई? रिकामा डबा बघून खूश व्हायची. "अख्खा संपवलास? शाब्बास गो आई!"

आई मात्र ओशाळायची. मलाच म्हणायची, "तू इतक्या करतंस, पण माज्या अंगाकच लागणा नाय रे." माझ्या अंगाला लागत होतं. दंड भरले, छाती भरली. ऑफिसात हँगर बंद झालं. ज्या आठवड्यात व्यायामशाळेच्या काट्यावर मी दोन किलोंनी वाढलो, त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या काट्यावर ती दोन किलोंनी उतरली. हा योगायोग मला पुढे कधीतरी कळला, असं म्हणायला आवडलं असतं. मला त्याच दिवशी कळला होता. तरी त्या संध्याकाळीही मी माझे तीन चमचे घेतलेच.

पुढे तिला जिने उतरवेनात. मग मी तिला उचलून तीन मजले खाली टॅक्सीपर्यंत न्यायचो. चाळ दारात यायची बघायला. परबकाकी तर एक दिवस डोळे पुसत म्हणाल्या, "झिलान पांग फेडल्यान गो तुजे!" आईने माझ्या दंडावर हात ठेवला होता. किती अभिमान होता तिला त्या दंडाचा! "सावकाश रे, दम लागतलो तुका," म्हणाली. मला दम कसला लागतोय? तिच्यात उरलं काय होतं उचलायला?

त्याच दिवशी डॉक्टरबाईंनी डोस पुढे ढकलला. दुसऱ्यांदा. काटा बघून त्या चिडल्याच. "मावशी, खरं सांगा, पावडर घेत नाही ना तुम्ही? असं केलंत तर मी काय करू?"

"घेतंय ओ. पोरगो माजो देता दोन वेळ. त्याकाच इचारा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आईनेही बघितलं. बोलायची ती वेळ होती. तेव्हा बोललो असतो तर तिला पुढचा डोस मिळाला असता का, ती जगली असती का, मला माहीत नाही. कदाचित काहीच बदललं नसतं. पण मी काय बोललो ते ऐका. मी म्हणालो, "मी देतो डॉक्टर. पण ती टाकून देते कधी कधी."

 आई मान खाली घालून म्हणाली, "होय. टाकतंय कधी कधी. नको वाटता."

तिने कधी एक थेंब टाकला नव्हता. उलटी आली तरी पेला बाजूला ठेवायची आणि जरा वेळाने पुन्हा तोंडाला लावायची. मग ती हो का म्हणाली? तिला ठाऊक होतं? की सगळ्यांसमोर मुलगा खोटा पडू नये, एवढंच वाटलं तिला? मी विचारलं नाही. परतताना टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्यानंतर तरी मी थांबलो असेन, असं तुम्हाला वाटत असेल. आठवडाभर थांबलो. मग पुन्हा सुरू केलं.

तिसरा डोस झालाच नाही. आई गणपतीआधी गेली.

ताई अजून चारचौघांत सांगते, माझ्या भावाने आईचं जे केलं ते कुणी करणार नाही. मी तिथेच बसलेलो असतो. एकदाही तिला अडवलेलं नाही.

तेराव्यानंतर ताईने आईचं सामान आवरलं. फळीवर नवा डबा होता, सील न तोडलेला. तो तिने माझ्या हातात दिला. "तू व्यायाम करतोस ना, तूच घे. वाया नको जायला."

मी घेतला. संपवलाही. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, दुधातून — डब्यावर लिहिलं होतं तसे, अगदी मोजून.