चुलीत टाकलेल्या गोळ्या

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीत माझ्या वयाची निम्मी माणसं बेबीबाईच्या हातावर जन्मलेली आहेत. मीही त्यातलाच. सरकारनं तिला दाईचं प्रशिक्षण दिलं होतं, कात्री-दोऱ्याची पेटी दिली होती. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्यानंतरच्या वर्षांत बाया बाळंतपणाला दवाखान्यात जाऊ लागल्या, गाडी दारात यायला लागली आणि बेबीबाईला कोणी बोलावेनासं झालं. तेव्हापासून तिचा दवाखान्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढची हकिकत तिनंच मला सांगितली, काहीही न लपवता.

साल २०१३. तिचा मुलगा अंकुश साकोलीला एसटीत कंडक्टर होता, सुट्टीच्या दिवशीच घरी यायचा. सून भावना गावच्या अंगणवाडीत मदतनीस. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. पण बेबीबाईला खटकत होतं ते वेगळंच. भावनाची तारीख कधी चार, कधी सहा दिवस पुढं जायची आणि मग पाळी यायची. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून सासूला सगळं कळत होतं. तारीख जाते म्हणजे काहीतरी राहतं, आणि राहिलेलं आपोआप कसं जाईल? कोणीतरी घालवतं, असं तिच्या मनानं घेतलं.

तिनं सुनेवर नजर ठेवली. भावना सकाळी अंघोळीनंतर खोलीचं दार लावून घ्यायची. पाण्याचा पेला आत न्यायची. विचारलं तर म्हणायची, "काही नाही, आई. तहान लागली."

एके दिवशी भावना अंगणवाडीत गेल्यावर बेबीबाईनं तिची पेटी उघडली. साड्यांच्या तळाशी बिस्किटाचा एक रिकामा डबा होता आणि त्यात गोळ्यांची पट्टी. मोत्यासारख्या गोल, मऊ गोळ्या. दहांपैकी तीन खाल्लेल्या. नाव इंग्रजीत होतं, ते तिला वाचता येईना. कोणाला विचारायची गरजही तिला वाटली नाही. लपवून खाल्लेली गोळी मूल होऊ न देण्याचीच असणार. तिनं सातही गोळ्या चुलीत टाकल्या. तेल पेटावं तशा त्या चुरचुरल्या.

संध्याकाळी भावनानं पेटी उघडली. बेबीबाई दारातून बघत होती. भावना रिकाम्या डब्याकडे बराच वेळ पाहत राहिली, मग डबा ठेवला आणि भाकरी थापायला बसली. एक शब्द बोलली नाही. बेबीबाईचा संशय आणखी घट्ट झाला. चोरी नसती तर विचारलं नसतं का?

चार दिवसांनी अंकुश आला तेव्हा भावनानं त्याच्याकडून नवी पट्टी मागवून घेतली. जुनी हरवली, असं सांगितलं. त्या महिन्यात तारीख पाच दिवस पुढं गेली. सहाव्या दिवशी भावना न्हाणीतून बाहेर आली ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली.

बेबीबाई मला म्हणाली, "मी लई बाया रडताना पाह्यल्या, बापू. खोटं रडनं मले समजते. थे खोटं नव्हतं."

तरी संशय गेला नाही. त्याची दिशा बदलली इतकंच. अंकुश सुट्टीत भावनाला भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईकडे न्यायचा आणि गोळ्या तिथल्याच, हे कळल्यावर आता तो त्या बाईवर गेला. पोरीला फसवून काहीतरी भलतंच देत असेल. पुढच्या खेपेला अंकुशला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा बेबीबाई म्हणाली, "मी येतो संगं." भावनाचा चेहरा उतरला, पण ती नाही म्हणाली नाही.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी फाईल चाळली. "या वेळीही गर्भ रुजायला आला आणि टिकला नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या ना?"

भावनानं सासूकडे पाहिलं नाही. "हो, सगळ्या."

"काहीतरी चुकतंय मग." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वर्षी गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला, तसा पुन्हा घ्यावा लागेल. त्रास होतो, तुम्हाला ठाऊक आहे."

भावनानं मान हलवली. तिची बोटं पिशवीच्या बंदाभोवती आवळली गेलेली बेबीबाईला दिसली.

"कायले तुकडा पाह्यजे?" बेबीबाईनं विचारलं. "मी दाई आहो. मले सांगा, त्या गोळ्या कायच्या?"

डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि नीट सांगितलं. अस्तराच्या प्रत्येक पेशीत जनुकं असतात, म्हणजे पेशीनं काय करायचं त्याच्या सूचना. सगळ्या सूचना सगळ्या वेळी चालू नसतात. बीज सुटल्यावर बाईच्या अंगात प्रोजेस्टेरॉन नावाचं द्रव्य वाढतं. त्यानं काही जनुकं चालू होतात, काही बंद पडतात. मग अस्तर मऊ होतं, पेशी फुगतात, गर्भाला धरून ठेवतील अशी द्रव्यं तयार करतात. महिन्यातले मोजके चारपाच दिवसच असे असतात. "भावनाचं अस्तर मागं पडतं. गर्भ येतो तेव्हा ते तयार नसतं. ते द्रव्य पुरावं म्हणून या गोळ्या."

"तुमी आत जाऊन पाह्यलं का?"

"तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात दिसतं."

बाळंतपणात पिशवीचं तोंड आपल्या वेळेलाच उघडतं, घाई करून काही होत नाही, हे बेबीबाईनं आयुष्यभर पाहिलं होतं. पण त्याच्या नऊ महिने आधी, कोणाला काही कळायच्याही आत, तीच पिशवी स्वतःला तयार करते, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टरीणबाई खोटं बोलत नाही, हे तिला पटलं. आणि मग सात गोळ्या आठवल्या.

डॉक्टर तपासणीची चिठ्ठी लिहायला लागल्या होत्या.

"तुकडा नका घेऊ," बेबीबाई म्हणाली. "तिनं गोळ्या नाही खाल्ल्या. चार दिवस नव्हत्याच तिच्यापाशी. मी चुलीत टाकल्या."

डॉक्टरांचं पेन थांबलं. भावना खालीच बघत होती.

"त्याच्यानंच गेलं का?"

"ते मी सांगू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घेतल्या असत्या तरी टिकलंच असतं असं नाही. पण या महिन्यात औषध फसलं असं आता मला धरता येणार नाही." त्यांनी चिठ्ठी फाडली आणि पुन्हा त्याच गोळ्या लिहिल्या.

स्टँडवर गावाकडे जाणाऱ्या लाखांदूरच्या गाडीची वाट पाहत दोघी बाकावर बसल्या. बेबीबाईनं विचारलं, "तुले माहीत होतं मी टाकल्या म्हनून?"

"घरात दुसरं कोन होतं, आई?"

"मंग काहून नाही बोलली? तिथं बी लपवलं."

"तुमी बाजूलेच बसल्या होत्या. मले वापस तुमच्याच घरी याचं होतं." तिनं पिशवी मांडीवर ओढून घेतली. "मले वाटे, तुमाले माझं पोर पाह्यजेच नाही."

गाडी आली, तेव्हा दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

घरी आल्यावर बेबीबाईनं अंकुशला स्वतः सांगितलं. तो महिनाभर तिच्याशी बोलला नाही. भावनानं गोळ्या अंगणवाडीत ठेवायला सुरुवात केली. हे बेबीबाईला समजलं होतं, पण तिनं विषय काढला नाही. मधले दोन महिने असेच गेले. तिसऱ्या महिन्यात तारीख गेली ती गेलीच.

मुलगी भंडाऱ्यालाच झाली. शेकडो नाळा कापलेली बेबीबाई त्या दिवशी व्हरांड्यात बसून होती, तिला कोणी आत बोलावलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. भावनाला स्ट्रेचरवरून व्हरांड्यात आणलं, तेव्हा नर्सनं मुलगी अंकुशच्या हातात दिली. त्यानं भावनाकडे पाहिलं. भावना म्हणाली, "आईजवळ द्या. पन तुमी इथंच उभे राहा."