वरच्या मजल्यावरचे सर

किल्लीवाल्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. तो आत बसला की गिऱ्हाइकाने बाहेरच उभं राहायचं. कुलपं दुरुस्त करता करता आणि हरवलेल्या किल्ल्यांच्या जोड्या बनवता बनवता त्याने तिथेच केस पांढरे केले होते. जिना चढलं की पहिल्या मजल्यावर त्याचं घर. त्या घरात सुईपासून कपाटापर्यंत जे काही आलं, ते त्याने स्वतः बाजारात जाऊन, उलटंपालटं करून, दुकानदाराशी हुज्जत घालून आणलेलं. बायकोच्या चपलासुद्धा तोच आणायचा. हिच्या पायाचं माप हिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक, असं तो चारचौघांत सांगायचा आणि ती गालातल्या गालात हसायची.

बायको पाळणाघरात कामाला होती. तिथल्या सगळ्या जणी फोनवरूनच खरेदी करायच्या, म्हणून हिलाही हौस वाटली. पण फोनवरचं दुकान उघडलं की सगळं इंग्रजीत. आधी ती नवऱ्याकडेच गेली होती, हे खरं. त्याचं इंग्रजी मात्र कुलपांपुरतं होतं. लॉक, मास्टर, डुप्लिकेट आणि दाराला कुठल्या बाजूचं कुलूप लागतं ते सांगणारं लेफ्ट-राइट. त्यापुढे तो अडायचा, आणि अडला की तिच्यावरच खेकसायचा, एवढं साधं कळत नाही का म्हणून. मग तिने विचारणं सोडून दिलं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त टायपिस्ट एकटेच राहायचे. कपडे कायम इस्त्रीचे, आवाज मऊ. पाळणाघरातून परतताना ती आधी वर जाऊन त्यांच्या दाराशी एखादा शब्द विचारू लागली. कार्ट म्हणजे आपली पिशवी. साइज म्हणजे माप. एक्सचेंज म्हणजे बदलून घेणं आणि रिटर्न म्हणजे परत पाठवणं. ते सगळं जिन्यातून थेट खाली ऐकू यायचं. तिचं चुकलं तर टायपिस्ट म्हणायचे, "पुन्हा म्हणा, घाई नाही." बरोबर आलं की म्हणायचे, "करेक्ट." आणि ती खुदकन हसायची. तसं हसणं किल्लीवाल्याने घरात बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यात ती त्यांना 'सर' म्हणू लागली. जेवताना सर असं म्हणाले, चहा पिताना सर तसं म्हणाले. किल्लीवाल्याला ते खुपू लागलं. सरळ विचारावं तर काय विचारणार? म्हातारा माणूस, दार सताड उघडं, बोलणं काय तर पिशवीचं आणि मापाचं. भांडायलाही जागा नाही. पण पोटात दुखायचं थांबत नव्हतं.

शेवटी त्याने ठरवलं, आपणही शिकायचं आणि हिला चकित करायचं. त्याची बहीण एका गोदामात पार्सलं बांधायची. सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाऊन त्याने चार शब्द पदरात पाडून घेतले. मग एका दुपारी, बायको न्हाणीघरात असताना, तिच्या फोनवर त्याने बूट शोधले. जाड तळव्याचे, दिवसभर उभं राहणाऱ्या पायांना आराम देणारे. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ओन्ली टू लेफ्ट. त्याने ते दोनदा वाचलं आणि त्याचा पारा चढला. बायको बाहेर येताच तो म्हणाला, "बघ तुझी फोनवरची दुकानं. डाव्या पायाचे दोनच उरलेत, आणि तरी विकायला ठेवलेत."

बायको डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्यालाही वाटलं, हसू दे, घरातली गोष्ट घरात.

दुसऱ्या दिवशी टायपिस्ट दुकानापाशी थांबले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "लेफ्टचा अर्थ उरलेलं असाही होतो बरं का. माझाही सुरुवातीला असाच घोटाळा व्हायचा."

त्यांनी टोमणा मारला असता तर परवडलं असतं. ही माया बघून किल्लीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हिने वर जाऊन सांगितलं. माझ्या अडाणीपणावर दोघं मिळून हसली असणार.

तो घुम्यासारखा वागू लागला. विचारलं तेवढ्याला हो, नाही. अशातच एकदा ती कामावर असताना पार्सलवाला खोकं घेऊन आला. खोक्यावर बायकोचं नाव. हीदेखील सरांचीच मेहेरबानी, त्याच्या मनात आलं. शिकलेला एक शब्द त्याला बरोबर आठवला. "रिटर्न," तो म्हणाला. "घ्यायचं नाही. परत न्या." पार्सलवाल्याने खांदे उडवले आणि खोकं पुन्हा गाडीत टाकलं. किल्लीवाल्याला त्या दिवशी चहा गोड लागला.

संध्याकाळी ती आली ती फोन हातात धरूनच. आवाज चढवला नाही. समोर बसली आणि म्हणाली, "बूट होते त्यात. तुम्ही शोधलेलेच. सरांनासुद्धा न विचारता मागवले होते. पहिल्यांदाच सगळं माझं मी केलं होतं."

त्याच्या मनात सलत होतं ते बाहेर आलंच. "माझी फजिती त्यांना कशाला सांगितलीस?"

"चुकलं माझं," ती म्हणाली. "पण त्यांच्याकडे का जाते ते तुम्ही कधी विचारलंत? ते खेकसत नाहीत, एवढंच आहे तिथे."

तिने फोन त्याच्यापुढे सरकवला. बूट परत तुम्हीच मागवा म्हणाली, मी हात लावणार नाही. मग तो एकेक अक्षर लावत बसला. माप, रंग, नग, पत्ता. जिथे अडेल तिथे तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि ती न चिडता सांगायची. काळे बूट संपले होते. तपकिरी चालतील का, असं त्याने तिला विचारलं. तिच्यासाठी काही घेताना तिला विचारण्याची ही पहिलीच वेळ, हे दोघांच्याही लक्षात आलं. शेवटचं बटण दाबल्यावर ती म्हणाली, "करेक्ट." अगदी त्या वरच्यांसारखं. त्याला ते टोचलं. तरी तो हसला.

बूट आले. या खेपेला त्याने सही करून घेतले. तिने जिन्याच्या पायरीवर बसूनच ते घातले, चालून पाहिलं, आणि मग म्हणाली, "सरांना दाखवून येते." दाखव, असं तो म्हणाला. म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ती वर गेली. तो शिकंज्यात धरलेल्या किल्लीला कानस मारू लागला. वरून दार उघडल्याचा आवाज आला, मऊ आवाजात काहीतरी कौतुक झालं आणि पाठोपाठ ती हसली. त्याचा हात चालतच राहिला. भानावर आला तेव्हा किल्लीचा दात पार घासून गेला होता. ती वाया गेलेली किल्ली त्याने डब्यात टाकली आणि नवी कोरी किल्ली शिकंज्यात धरली.