परकार बाईंच्या सिनेमाच्या वह्या

हमीदा परकार बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या शिक्षकखोलीत, एका सोमवारी, मधल्या सुट्टीत. पोलादपूरकडच्या खेड्यातून नुकतीच महाडच्या शाळेत रुजू झालेली मी, हातात डबा धरून दारात उभी होते. आत सगळे शिक्षक जेवायचं सोडून एका बाईंकडे बघत बसलेले. बाई टेबलाला टेकून, आदल्या संध्याकाळी टीव्हीवर लागलेला जुना सिनेमा सांगत होत्या. नायिकेला कोर्टात उभं केलंय, वकिलानं बोट रोखलंय, ती आता तोंड उघडणार, आणि बाई थांबल्या. म्हणाल्या, "इथं लाईट गेली." सगळे हळहळले. मी नवखी, पण जीभ माझी तेव्हाही लांबच. म्हटलं, "मग अंदाजानं सांगा ना, सुटली का ती?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गणितंही अंदाजानंच सोडवतेस काय गो?" आमची ओळख झाली ती अशी.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीनं मला सांगितलं, "सुनंदाताई, तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळच्या. तीनचार पानं लिहा, चांगल्या आठवणी असू द्या." लिहिते. पण आधीच सांगून टाकते, गेले तीन आठवडे बाई माझ्याशी बोलत नाहीत. चूक सर्वस्वी माझी आहे. त्या पुन्हा कधी बोलतील, बोलतील की नाही, मला ठाऊक नाही. वाचणाऱ्यांनी एवढं मनात ठेवून पुढचं वाचावं.

बाई गणित शिकवायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज दुकानदार आहेत, एसटीत आहेत, आखातात आहेत, आणि भेटली की अजून वाकून नमस्कार करतात. बाईंचा दरारा होता, पण त्यांनी कुणावर हात उचललेला मी पाहिला नाही. एका वर्षी निकाल लागून सुट्टी पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एका मुलीच्या पेपरात बेरीज करताना दोन गुण कमी पडलेत. मुलगी वरंधची. बाई भर उन्हात एसटीनं वरंधला गेल्या. मुलीची आई चक्रावलीच. "बाई, दोन मार्कांपायी एवढ्या लांब आलात? ती पास हाय की!" बाई म्हणाल्या, "पास आहे, पण तिचे दोन मार्क माझ्याकडे राहिले होते ना." पाणी प्यायल्या आणि त्याच गाडीनं परत आल्या. बाई अशा आहेत. म्हणून तर मला हे लिहिणं इतकं जड जातंय.

आता सिनेमाचं. बाईंचे यजमान इक्बालभाई आखातात क्रेन चालवायचे. त्यांनी पहिल्याच सुट्टीत टीव्ही आणला. तेव्हा एकच वाहिनी, आणि रविवारी संध्याकाळी एक सिनेमा. सगळी आळी बाईंच्या ओटीवर जमायची. बाईंना जुने, काळेपांढरे सिनेमे आवडायचे. नट कोण, नटी कोण हे तर कुणीही सांगेल हो. बाईंना त्यातला पोस्टमन कोण, दारातला गुरखा कोण, तेसुद्धा पाठ. आणि दर सिनेमाची हकीकत त्या वहीत उतरवायच्या. शंभर पानी वही, उजव्या बाजूला चार बोटं समास सोडलेला. आमच्याकडे लाईटचं काय, वारा सुटला तरी जाते. मग हकीकत जिथं तुटली तिथं बाई लिहायच्या, 'शेवट बाकी', आणि खाली अर्धं पान कोरं ठेवायच्या. सिनेमा परत लागेल तेव्हा ते भरायचं. काही शेवट भरायला आठआठ वर्षं गेली. कुणाला विचारून शेवट लिहिलाय, असं एकदाही नाही.

उजवीकडचा तो समास कुणासाठी, हे मला फार उशिरा कळलं. इक्बालभाई दोन वर्षांनी महिनाभर यायचे. आले की पहिले तीनचार दिवस कुठं बाहेर जायचे नाहीत, साचलेल्या वह्या वाचून काढायचे आणि समासात हिरव्या पेननं शेरे मारायचे. बाईंनी एकदा मला दाखवले. एका रडक्या सिनेमाच्या बाजूला लिहिलं होतं, 'या बाईला स्वयंपाक कधी जमतो?' दुसऱ्या एका ठिकाणी, शेवट बाकी होता तिथं, 'हा मी तिकडे व्हिडिओवर पुरा पाहिला. सांगू?' आणि त्याखाली बाईंच्या निळ्या शाईत एकच शब्द, 'नको.' वाचताना बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. एरवी पत्र लिहायचा इक्बालभाईंना भारी कंटाळा. आठवड्याला एक फोन, बस. माणसानं संसारात जे काही कागदावर लिहिलं, ते या वह्यांच्या समासात.

इक्बालभाई तिकडेच गेले. झोपेतच हृदय थांबलं, आणि दफनही तिकडेच झालं. बाईंनी ती कबर पाहिलेली नाही. चार महिन्यांनी बाई शाळेत परत आल्या. सोमवारी मधल्या सुट्टीत बाईंनी डबा उघडला आणि कालच्या सिनेमाची सुरुवात सांगायला घेतली. सांगितला, जिथवर पाहिला होता तिथवर.

त्यांनी माझ्यासाठी काय काय केलं ते लिहायला बसले तर समितीची सगळी पानं मलाच लागतील. माझं बाळंतपण अवघड झालं तेव्हा दोन महिने माझे तास बाईंनी घेतले, स्वतःचे सांभाळून. मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "तिची मुलं मागं पडली तर ती बाळ टाकून येईल धावत, स्वभाव माहितेय मला तिचा." निवृत्त झाल्यावर माझे गुडघे धरले, तर दर शनिवारी मला ओढत सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं. पाय पाण्यात सोडून बसायचं आणि बाईंकडून सिनेमा ऐकायचा. गुडघे काही सुधारले नाहीत, पण शनिवार मी चुकवला नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही महाडकर नदीकाठी, पुराच्या तोंडाशी राहतो. मृग लागायच्या आत जे जपायचं ते वर चढवायचं, ही इथली रीत. बाईंचं घर बैठं आणि बाजाराच्या सखल भागात. म्हणून दर जूनमध्ये वह्यांची पत्र्याची पेटी रिक्षातून माझ्याकडे यायची, माझ्या वरच्या मजल्यावर राहायची आणि दसऱ्यानंतर परत जायची. वर्षानुवर्षं हेच. पेटी सोपवताना बाई दर वेळी म्हणायच्या, "वर हं, सुनंदा."

मोठ्या पुराच्या वर्षी पेटी आली तेव्हा माझे गुडघे ठणकत होते. जिन्याच्या वळणावर, पाचव्या पायरीपाशी ठेवली. म्हटलं, पुढं उद्या नेऊ. महाडात प्रत्येक घराला आपापली पुराची रेघ असते. आमच्या जिन्याच्या भिंतीवर सासऱ्यांनी खिळ्यानं ओरखडलेली रेघ तिसऱ्या पायरीपाशी आहे. तिच्या वर पाणी कधी आलं नाही, म्हणजे येणार नाही, हा आमचा हिशेब. पाचवी पायरी म्हणजे झालंच की! उद्याचा परवा झाला आणि महिना उलटला.

मग तो मोठा पूर आला. दुपारी नगरपालिकेचा भोंगा वाजला आणि आम्ही नवराबायको सामान वर न्यायला लागलो. तांदूळ, मिक्सर, सिलिंडर, कागदपत्रं. दर खेपेला पेटीला वळसा घालून. शेवटी टीव्ही. नवा होता, रुंद. वळणावर पेटीमुळे तो वळेना. यजमान म्हणाले, "ही बाजूला कर आधी." मी पेटी उचलली आणि खाली जिन्याखाली ठेवली. टीव्ही वर गेला. पेटी नंतर आणू म्हटलं, आणि वर गाद्या सारत बसले. खाली बघितलं तेव्हा पाणी रेघेच्या वर होतं. रात्रीतून दहाव्या पायरीला लागलं. वरचा मजला शेवटपर्यंत कोरडाच राहिला.

पाणी उतरल्यावर पेटी चिखलात आडवी सापडली. आत वह्यांचा लगदा. हिरवं एक अक्षर वाचता येईना.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. स्वतःच्या घरात गुडघाभर चिखल, आणि बाई हातात खराटा आणि फडक्यात चार भाकऱ्या घेऊन माझ्या दारात. "तुझे गुडघे, तू वाकू नकोस," म्हणाल्या आणि झाडायला लागल्या. मी त्यांना वर जाऊ दिलं नाही, पायऱ्या निसरड्या आहेत म्हटलं. आणि तिथंच, त्यांच्या पाठीला, सांगून टाकलं, "बाई, पाणी वरच्या मजल्यावर आलं. पेटी गेली." खराटा थांबला. म्हणाल्या, "पाण्यापुढं तू काय करणार?" आणि मलाच जवळ घेतलं. डोंगरातल्या तळीये गावावर दरड कोसळल्याची बातमी आली होती, लोकांची माणसं गेली होती, त्यात वह्यांसाठी रडायचं नाही, असं स्वतःला बजावत होत्या. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. खोटं बोलून वर सांत्वनही घेतलं. आज लिहितानाही माझी मलाच शिसारी येते.

हल्ली बाई एकट्याच असतात. मुलगा आखातात, सून-नातवंडं तिकडेच. दुपारी दोन ते पाच जुन्या सिनेमांची वाहिनी. आता लाईट फारशी जात नाही आणि सिनेमे चोवीस तास लागतात, पण कोणाकोणाचा शेवट बाकी होता, ते बाईंना सगळं आठवत नाही. एखादा सिनेमा संपला की मला विचारायच्या, "हा मी पुरा पाहिलेला होता का गं?" मी काय सांगणार! पुरानंतर त्यांनी नवी वही घातली. परवापरवापर्यंत मी बघत होते, बाई हकीकत लिहितात आणि उजवीकडे चार बोटं समास अजून सोडतात.

तीन आठवड्यांपूर्वी या लेखाचा पहिला खर्डा वाचून दाखवायला गेले. तो अगदी गोड होता. त्यात एक वाक्य होतं, वरच्या मजल्यावर ठेवूनही पुरात वह्या गेल्या. बाई म्हणाल्या, "हे काढ, सुनंदा. लोकांना वाटेल, मी तुला बोल लावतेय. तू तर वर ठेवली होतीस." टीव्हीवर सिनेमा चालू होता. मला पुढचं वाचवेना. कागद खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. पाचवी पायरी, टीव्ही, जिन्याखाली ठेवलेली पेटी, कोरडा वरचा मजला.

बाईंनी सिनेमा मध्येच बंद केला. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी केलेलं नव्हतं.

"टीव्ही उचलायला किती जण लागलात?"

"दोघं."

"आणि पेटी?"

"मी एकटीनंच उचलली होती, बाई."

"उचललीस, आणि खाली नेलीस," त्या म्हणाल्या. "मी इतकी वर्षं नदीला शिव्या देतेय गो. जा आता तू."

मी समितीला फोन करून सांगितलं, माझा लेख वगळा. दोन दिवसांनी समितीच्या सचिवांमार्फत बाईंचा निरोप आला. "तिला म्हणावं, लिहायचं तर लिही, पण झालं तसं लिही." तेवढंच. म्हणून हे असं लिहिलं आहे. सुवर्णाक्षरांच्या ग्रंथात हे शोभणार नाही, हे मला कळतं. पण बाईंचा गौरव करायचा आणि त्यांच्याच बाबतीत अंदाजपंचे लिहायचं, हे मला आता जमणार नाही.

बाई, आता तुमच्याशीच बोलते. परवा शनिवारी मी तुमच्या दारापर्यंत आले होते. आत टीव्ही चालू होता. कडी वाजवायचा धीर झाला नाही, तशीच परत गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा येईन, त्याच्या पुढच्याही. माफ करा असं म्हणायला मला तोंड नाही, आणि तुम्ही वरवरचं माफ करणाऱ्यांतल्या नाही, हेही मला ठाऊक आहे. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, ओटीची पायरी उतरताना भिंतीला धरा. सगळे तुम्हांला शंभर वर्षं मागतील. माझं मागणं जरा स्वार्थी आहे. माझ्यावरचा तुमचा राग जायला जितकी वर्षं लागतील तितकी तुम्हांला धडधाकट मिळोत, आणि तो गेल्यावर एकमेकींशी बोलायला आणखी पुष्कळ मिळोत. आणि राग गेलाच नाही, तरीही बाई, तुम्ही जगा.