पिवळ्या गाडीची चावी

मागच्या महिन्यात एका रविवारी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन नवीन जालन्यात गेले होते... जुनी गाडी बघायला. आयुष्यातली पहिली गाडी, आणि तीही भडक पिवळी!

मी अजून शिकतेय. स्कॉलरशिपमधून उरलेले आणि शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे, एवढंच माझं बजेट. गरज म्हणाल तर स्कूटीवरही भागत होतं. पण मला चालवताना मजा येईल अशी गाडी हवी होती... हौस, दुसरं काही नाही.

बऱ्याच गाड्या पाहिल्या. एक ऐसपैस सेडान बजेटमध्ये बसत होती, पण तिचे पार्ट्स घेता घेता मीच विकली गेले असते. दुसरी चकाचक पॉलिश केलेली, कार्पेट उचललं तर खाली गंज. मग ही सापडली... छोटी, जुनी, हलक्या स्टेअरिंगची. गिअर असे पडतात की हात सुखावतो. ओळखीच्या मेकॅनिकनेही इंजिन बघून होकार दिला.

अडून बसले ते अप्पा. मंठ्याजवळ आमचं गाव, घरची शेती. त्यांच्या मते गाडी पांढरी असावी, मागे दोन पोती बसावीत आणि उद्या विकली तर गिऱ्हाईक मिळावं. "हे पिवळं काय, हळदीला बसल्यावानी! पैसे तुझे हायेत, घे. मला इचारू नको."

हे शेवटचं मला फार लागलं. पैसे माझेच होते, पण 'हो' मला त्यांचा हवा होता. त्याशिवाय गाडी घेतली असती तरी मनात खुपत राहिलं असतं. म्हणून 'नुसते सोबत तर चला' असं म्हणून त्यांना नेलं.

गाडीचे मालक वयस्कर मारवाडी गृहस्थ, सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. पूर्वी बियाण्याचं दुकान चालवायचे. बायकोसोबत राजूरच्या गणपतीला जायला त्यांनी ही गाडी घेतली होती. त्या वारल्या, मग बाबूजींना दिसायला कमी लागलं आणि मुलांनी त्यांचं ड्रायव्हिंग बंद केलं.

अप्पांनी गाडी बैलबाजारात बैल बघावा तशी बघितली. भोवती फेरी मारली, वाकून पोटाखाली पाहिलं, टायरवर हात फिरवला. बाबूजींना विचारलं, "खोडी काय हाय हिला?" बाबूजी म्हणाले, "थंडीत जरा उशिरा उठते, बाकी बिलकुल शांत." मला हसू आवरेना.

भाव ठरला. बाबूजींनी आरसी दिली, विम्याचा कागद दिला. दोन्ही चाव्या हातात घेतल्या आणि मला द्यायच्या आधी एका चावीचं पितळी किचेन काढून मुठीत धरलं. छोटासा मोर होता, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. पहिल्या दिवसापासून मला तो आवडला होता.

मी बोलून गेले, "बाबूजी, ते पण द्या ना, गाडीला शोभतं." ते नाही म्हणाले. मला वाटलं, गंमत करतायत... मी हसत हसत पुन्हा मागितलं. तसा त्यांचा चेहरा उतरला. चाव्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मंग राहू दे बेटा. मला जल्दी न्हाई विकायची."

एवढी शोधलेली गाडी, एका किचेनपायी हातची गेली!

तेवढ्यात अप्पा पुढे झाले. "बाबूजी, राग धरू नका. लेकराला ठावं न्हाई, म्याच शिकवलं न्हवतं." मग माझ्याकडे वळले, "जनावर इकलं तरी त्याचं दावं कोन देतं का, बाई? ते आपल्या घरी ठेवायचं. मंग दावणीला दुसरं येतं."

दावं म्हणजे गुरं बांधायचा दोर. बाबूजींची हयात शेतकऱ्यांत गेलेली, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. "बराबर बोललात," ते म्हणाले. "माझ्या दारात आता काय दुसरी येणार न्हाई... पन दावं असू द्या." मोर खिशात गेला आणि चाव्या त्यांनी अप्पांच्या हातात दिल्या.

गावाकडे येताना अप्पा शेजारी बसले होते. मंठा जवळ आल्यावर म्हणाले, "चांगली पळून राह्यली." मी नजर रस्त्यावरच ठेवली, उगाच पारडं फिरायचं.

घरी आल्यावर गाडी अंगणात लावत होते, तर म्हणाले, "तिथं न्हाई, गोठ्यात घे." आमचा गोठा कित्येक वर्षं रिकामा आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलजोडी विकली, पण दोन्ही दावी खुंटीला तशीच लटकलेली. आई कितीदा म्हणाली, फेकून द्या ती... अप्पांनी कधी ऐकलं नाही. आठवण म्हणून ठेवली असतील, असं मला वाटायचं.

अप्पांनी एक दावं खुंटीवरून काढलं. विळ्यानं त्याचा छोटा तुकडा कापला, चावीच्या कडीत ओवला, गाठ मारली. उरलेलं परत खुंटीला अडकवलं.

"लई वर्षं वाट बघितली," ते म्हणाले. "म्हनलं, आता काय येतंय गोठ्यात... आलं, बाई. पिवळं तर पिवळं."

मी गाडीच्या आड तोंड करून उभी राहिले. डोळे भरून आले होते.

कॉलेजात मैत्रिणी विचारतात, चावीला हे काय बांधलंयस? खिशात टोचतं, गोठ्याचा वासही येतो... पण मी ते काढत नाही. ही गाडी माझ्या एकटीच्या पैशांनी आली, असं मी ऐटीत सगळ्यांना सांगायचे. पैसे माझेच, खरंय... पण तिची जागा अप्पांनी केव्हापासून राखून ठेवली होती.