लोट्यातलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगायचा प्रश्न नव्हता, तो आधीच गेला होता. मुलाला अर्धं ठाऊक आहे, उरलेलं अर्धं तो विचारत नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नाही — आणि गोष्ट ह्या नसलेल्या हिंमतीचीच आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. पण तोंड माझं पहिल्यापासून फटकळ. जबलपुरातल्या आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं की मुलगा कसा आहे ते मला विचारायला यायचे, कारण दारू पितो तर पितो असं मी त्याच्या बापासमोर सांगायची. भैयाजी पहिल्यांदा मतं मागायला आले तेव्हा हात जोडून उभे होते. दुसऱ्यांदा आले आणि वाकून माझ्या पाया पडले. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मागच्या खेपेला हात जोडले, आता पाय धरले. पुढच्या खेपेला काय करशील रे बाबा?" लोक हसले. भैयाजीही हसले. पण माझ्याकडे बघत राहिले. आता वाटतं, त्याच दिवशी त्यांनी मला हेरून ठेवलं असेल. खोटं बोलायला खोटारड्या बाईचा काय उपयोग?

आमच्या गल्लीला नळ नव्हता. एक हातपंप, तोही उन्हाळ्यात खोकायचा. भैयाजी निवडून आले आणि सरकारातून आमच्यासाठी पाइप आले. माझं अंगण मोठं, म्हणून पाइप माझ्याकडे उतरवले. पोरं त्यावर बसून गप्पा मारायची. बायका येता-जाता हात लावून बघायच्या, जसं काही आतून पाणी येऊनच राहिलं आहे.

नर्मदा जयंतीला सगळी गल्ली ग्वारीघाटला गेली. माझा गुडघा सुजलेला, मी घरीच. भर दुपारी ट्रक आला. सोबत भैयाजींचा मेहुणा. त्याने मला नमस्कार केला, प्यायला पाणी मागितलं, पाणी पिऊन पाइप भरले आणि नेले. चोरासारखं काही नव्हतं. मी ओसरीवर बसून बघत होते. भेडाघाटच्या रस्त्याला भैयाजींचं मॅरेज गार्डन होत होतं. तिथे कारंजी लागली, हिरवळ आली. आमचं पाणी तिकडे गेलं.

बोलला फक्त देवराव. शेजारचा, भिंतीला भिंत. माझ्या नवऱ्याचा दोस्त, मला वहिनी म्हणायचा. त्याने गार्डनमध्ये जाऊन पाइप ओळखले आणि लोक गोळा केले. गल्लीत बैठक बसली. भैयाजी स्वतः आले. रागावले नाहीत. म्हणाले, पाइप अम्माच्या अंगणात होते, अम्मालाच विचारा. "अम्मा मैया का पानी हाथ में लेकर जो कह देंगी, वही सच."

आमच्याकडे नर्मदेचं पाणी हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही. दारुडा बोलत नाही, चोर बोलत नाही. कोर्टात बोलतील, पण मैयाचं पाणी हातात घेऊन नाही.

आदल्या दिवशी मेहुणा येऊन गेला होता. माझा दिलीप नगर निगमात रोजंदारीवर होता, त्याला पक्कं करायचं चाललं होतं. मेहुण्याने धमकी दिली नाही. एवढंच म्हणाला की फाइल भैयाजींकडे आहे — आणि देवरावचा मोहन भाजीचा ठेला चालवतो, ठेल्यावर पाइप जाऊ शकतात ना अम्मा? हे मी कारण म्हणून सांगत नाही. पोरगा मला होता, तसा देवरावलाही होता.

तर मी लोटा आणायला घरात गेले. देव्हाऱ्याखाली नर्मदेच्या पाण्याची कॅन असते, इथे सगळ्यांच्याच घरी असते. मी तिचं झाकण उघडलं. आणि परत लावलं. मग माठातून लोटा भरला — हातपंपाचं पाणी.

का केलं असं? कितीदा विचारलं स्वतःला. देवाची भीती होती, तर खोटं बोलायला नको होतं. भीती नव्हती, तर पाणी काहून बदललं? मला वाटलं, मैयाच्या हिशेबात हे धरलं जाणार नाही. मैयाला फसवायला निघाले आणि माणसं फसली.

बाहेर येऊन मी ते पाणी ओंजळीत घेतलं. सगळे उठून उभे राहिले, देवरावने डोक्यावरची टोपी काढली. मी म्हटलं, जयंतीच्या दुपारी मोहनला ठेल्यावर पाइप नेताना मी पाहिलं. मोहन त्या दिवशी घाटावर नारळ विकत होता. पण त्या गर्दीत सारा वेळ त्याच्यासोबत कोण होतं?

भैयाजींनी मोठं मन केलं. पोलीस नको म्हणाले, लडका है, माफ किया. लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवरावने त्यांच्यासमोर हात जोडले.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडचं मला सगळं ऐकू आलं. मोहन म्हणत होता, बाबा, मी नाही. परत परत तेच. मग देवरावचा आवाज — "म्हणजे वहिनी मैयाचं पाणी हातात घेऊन खोटं बोलून राहिली काय?" देवरावने गार्डनमध्ये पाइप आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. तरी त्याने डोळे खोटे मानले आणि माझी ओंजळ खरी. काही दिवसांनी मोहन निघून गेला. नागपूरला गेला म्हणतात, कुणी रायपूर म्हणतं. परत आला नाही.

दिलीप पक्का झाला. माझ्या अंगणात नळ आला. सगळ्या गल्लीत तेवढाच, बाकीच्यांचं पुढे बघू म्हणाले. तो नळ नर्मदेच्या पाण्याचा आहे. रोज सकाळी गल्ली भांडी घेऊन माझ्या दारात उभी असते. म्हातारीच्या सत्याला मैया पावली, दारात आली, असं बायका म्हणतात. मी तेच पाणी पिते, त्यानेच अंघोळ करते. नळ तोडला तर गल्ली तहानेल. बोलले तर दिलीपची नोकरी जाईल, नातवंडांचं हसं होईल. घर विकून जायचं म्हटलं तर दिलीप विचारतो, काहून जायचं, इथे तुला देवासारखं मानतात.

भैयाजी आता फार मोठे झाले. पेट्रोल पंप आहे, खाण आहे, शाळेच्या पत्र्यापासून रस्त्याच्या डांबरापर्यंत सगळं त्यांच्या घरावरूनच जातं. दर निवडणुकीला माझ्याकडे येतात, पाया पडतात, फोटो काढतात. गल्लीच्या तोंडाशी बोर्ड लागतो, त्यावर मी आणि ते. मी तोंड उघडून काही बोलले तरी ते हसून म्हणतात, अम्मा तो खरी-खरी सुनाती हैं. माझा फटकळपणासुद्धा त्यांनीच वापरायला घेतला. आणि लोक अजून भांडणं घेऊन माझ्याकडे येतात. मी सांगते ते मानतात.

यंदा होळीनंतर देवराव अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी त्याची बायको सुमन आली. तोंडात घालायला मैयाचं पाणी हवं होतं. तिच्या घरी नव्हतं असं नाही. म्हणाली, "तुमच्याच घरचं द्या वहिनी. त्यांनी तुमचंच मागितलं."

मी कॅनमधून लोटा भरला. तोच लोटा, ह्या खेपेला खरं पाणी. माझ्याच हाताने चमच्याने पाजलं. खोलीत गल्लीतली माणसं उभी होती. देवरावने डोळे उघडले, हात जोडायला बघितलं, जमेना, तेव्हा सुमनने त्याचे हात एकमेकांना लावून धरले. म्हणाला, "वहिनी, माझ्या पोरानं तुमच्या अंगणातून माल नेला. माफ करा."

लोटा माझ्या हातात होता. माणसं ऐकत होती. खरं सांगायला एवढी सोपी जागा मला परत मिळणार नव्हती, हे मला तेव्हाच कळत होतं. सुमन माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "झालं गेलं, भाऊ. माफ केलं."

त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. दुपारी तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन घागर घेऊन नळावर आली, आणि रांगेतल्या बायकांना सांगत होती की वहिनींचं मन मोठं.